ठिपक्यांचा हिशेब : एका दिवाळी अंकातल्या लेखाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

मैत्रिणीनं पुण्याच्या एका दिवाळी अंकाचं आवाहन पाठवलं. यंदा ‘महाराष्ट्राबाहेरची मराठी गावं’ असा विभाग आहे. शब्दमर्यादा २०००. मजकूर युनिकोडमध्ये, अन्यत्र प्रसिद्ध न झालेला. शेवटची तारीख ३१ जुलै.

३१ जुलै! सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईला लेखासाठी हीच तारीख मिळावी. जुलैत आमच्याकडे माणसं जेवणाचे डबे घरी परत नेतात ते न उघडताच.

तरी विषय ठरवून टाकला, बडोद्याचं गाणं. ऑफिसात प्रत्येक कामाची एक फाइल असते, कोणत्या तारखेला काय झालं ते तिच्यात टिपलेलं असतं. लेखाचीही तशीच ठेवतेय. घरात अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की रोज ‘झाला का लेख?’ सुरू होईल.

८ जून, शनिवार

पहिला खर्डा. सुरुवात सयाजीरावांपासून, म्हणजे १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या मुलापासून. मग दरबारचा कलावंत कारखाना. हा शब्द मला फार आवडतो. गवई, वादक, नर्तकी, सगळ्यांची नेमणूक, हजेरी, पगार एका खात्याखाली. मग तंजावरची राजकन्या लग्न होऊन इथे आली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या भरतनाट्यमच्या नर्तकी. मग अब्दुल करीम खाँ. मग आग्रा घराण्याचे फैयाज खाँ, ‘आफताब-ए-मौसिकी’, १९५० साली इथेच वारले, इथेच दफन. मग इनायत खाँ, १८८२ साली बडोद्यात जन्म, १९१० साली जहाजानं अमेरिकेकडे, पुढे युरोपात सूफी गुरू.

साडेचार हजार शब्द झाले आणि लेख अजून स्वातंत्र्यापर्यंत पोचलेला नाही.

गायिका हिराबाईंवर तर चारशे शब्द नुसते आडनावावर गेले. ‘बडोदेकर’ लावणाऱ्या या बाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. आई ताराबाई माने बडोद्याच्या, वडील अब्दुल करीम खाँ इथल्या दरबारात. दोघांनी मिळून बडोदं सोडलं ते सोडलंच, पण मुलीच्या नावात गाव राहिलं. आमच्या गावाला एवढी फुकट प्रसिद्धी दुसऱ्या कुणी दिली नसेल.

९ जून, रविवार

सकाळी वाचून पाहिलं. ट्रायल बॅलन्स जुळलाय, पण धंदा कसला आहे ते कळत नाही. नावांमागून नावं. प्रत्येक जण थोर, प्रत्येक जण दरबारात येतो, मान मिळवतो आणि पुढच्या परिच्छेदात मरतो.

इनायत खाँंची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवायची, १९४४ साली दाखाऊच्या छावणीत मारली गेली. हाही परिच्छेद लिहून झाला होता. मोह आवरत नव्हता, पण तो आख्खा वेगळा लेख आहे. खोडला.

१५ जून, शनिवार

सूरसागरासमोरच्या गायनशाळेत गेले. आता नाव मोठं आहे, विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स. आमच्याकडे जुनी माणसं अजून ‘गायनशाळा’च म्हणतात, रिक्षावाल्याला मात्र ‘म्युझिक कॉलेज’ सांगावं लागतं. सुट्टीमुळे शुकशुकाट. वरच्या मजल्यावर कुणीतरी तबल्यावर एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरीव रचना, घोटत होतं, खाली वॉचमन त्याच लयीत सुपारी कातरत होता.

इथे पूर्वी शिकवलेले एक सर भेटले. गुजराती, पण मराठी आमच्याहून शुद्ध. मी यादी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि विद्यार्थी? ही सगळी मंडळी कुणाला ना कुणाला शिकवत असतीलच ना, बेन?”

घरी येताना सेव-उसळ खाल्ली. तिखट जास्त झाली. प्रश्न त्याहून.

१६ जून, रविवार

सरांच्या प्रश्नाच्या मागे लागून दरबारचे गवई मौलाबक्ष यांच्यापर्यंत आले. काल ते माझ्या खर्ड्यात दीड ओळीत आटोपले होते.

जन्म १८३३. गाणं उत्तरेचं, पण म्हैसूरकडे जाऊन कर्नाटक संगीत शिकून आले, तिथल्या राजाकडून मानमरातब मिळवले. बडोद्यात १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा काढली ती त्यांच्या हाताखाली. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय १९०१ चं, म्हणजे आमची शाळा पंधरा वर्षांनी थोरली. शाळा म्हटली की वर्ग आले, वेळापत्रक आलं, परीक्षा आल्या आणि पुस्तक आलं. पुस्तकासाठी गाणं कागदावर उतरवायला हवं. ते उतरवायची स्वतःची पद्धत त्यांनी बसवली आणि तिच्यात पुस्तकं छापली.

हे त्या काळात किती उरफाटं वाटलं असेल! चीज, म्हणजे रागातली बांधीव रचना, ही घराण्याची ठेव. ती मुलीच्या लग्नात हुंड्यात द्यायची, परक्याला नाही. वर्षानुवर्षं तंबाखू मळून दिल्यावर गुरूच्या मनात आलं तर एखादी मिळायची, तीही अर्धा अंतरा राखून. आणि इथे एक मोठा गवई ती चार-आठ आण्यांच्या पुस्तकात छापतो आणि कारकुनाच्या पोराला म्हणतो, हं, म्हण.

लेखाचा विषय बदलला. ‘बडोद्याचे गवई’ नाही. ‘बडोद्यानं गाणं लिहून काढलं’ असं काहीतरी. शीर्षक मागाहून.

शब्द: जमा ४५००, त्यातले ३८०० बुडीत खाती.

२२ जून, शनिवार

याकुतपुऱ्यात मौलाबक्षांचं घर बाहेरून पाहून आले. इनायत खाँ त्यांच्या मुलीचा मुलगा. एक मुलगा, अल्लाउद्दीन, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकून परत आला. एकाच घरात ध्रुपद, कर्नाटकी मेळ आणि विलायती स्टाफ नोटेशन. जेवताना काय बोलत असतील ही माणसं?

३० जून, रविवार

आत्याकडे गेले होते, दांडिया बाजारात. आत्या ७९ वर्षांची, जिने चढते, कानांना थोडं कमी येतं पण बेसूर लगेच ऐकू येतं. लेखाचं तिला पहिल्यांदा सांगितलं. म्हणाली, “आई जायची की गायनशाळेत. लग्नाआधी. वही आहे ने तिची.”

‘ने’ हे आमचं बडोद्याचं. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.

वही लोखंडी कपाटात, पैठणीच्या घडीत होती. आजी गात होती हे मला माहीत होतं, देवघरात, जात्यावरचं वगैरे. पण ती शाळेत बसून, फळ्यावरचं उतरवून घेऊन गाणं शिकली होती हे पन्नाशीला आल्यावर कळतंय.

वही हिशेबाची आहे, आडवी. लाल उभ्या रेघांचे रकाने जमा-खर्चासाठी छापलेले. त्या रकान्यांत आजीनं मात्रा बसवल्यात. एका रकान्यात चार, चार रकाने, सोळा मात्रा, त्रिताल. खाली समेला फुली, खालीला शून्य, टाळीला आकडे. जांभळी शाई, बोरूसारखं जाड टोक. लिहायची पद्धत संगीतशास्त्री भातखंड्यांची : मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली ठिपका, तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वरावर ठिपका, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. पहिल्या पानावर भूप राग.

सा रे ग रे | सा ध़ सा रे | ग प ग रे | सा – ध़ सा

दोन्ही धैवतांखालचे, म्हणजे ‘ध’खालचे ठिपके तिनं इतके दाबून काढलेत की मागच्या पानावर फोड आलीय. बोटाला लागतात. मला वाटतं मास्तरांनी आधी चूक दाखवली असावी.

वही मागितली. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग पैठणी परत घडी घालून आत ठेवली आणि वही माझ्या हातात दिली. “अंक आला की परत.”

७ जुलै, रविवार

रथयात्रेमुळे अर्धे रस्ते बंद. घरात बसून लिहिलं. पहिल्यांदा लेख हलला. सुरुवात आता त्या फोडांपासून.

१४ जुलै, रविवार

१९१६ ची परिषद. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली, मार्चमध्ये, भातखंड्यांच्या पुढाकारानं आणि सयाजीरावांच्या आश्रयानं. गवई आणि पंडित एका मांडवात. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमंट्स यांनी तिथे श्रुतींची, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं वाजवणारी पेटी आणली होती. बावीस श्रुती पट्ट्यांवर बसवल्यात, वाजवून दाखवतो. भातखंड्यांना ते गणित मान्य नव्हतं, गवयांच्या गळ्याला नव्हतं.

हा प्रसंग डोळ्यांपुढे इतका उभा राहतो की सातशे शब्द कधी झाले कळलं नाही. डेप्युटी कलेक्टर पेटी घेऊन आगगाडीनं सांगलीहून येतोय. (ती पेटी लगेजमध्ये टाकली असेल की मांडीवर घेतली असेल?) पण कल्पनेचं कल्पनेत ठेवलं आणि दोनशे शब्दांवर आणलं. मला पाहिजे होता तेवढा मुद्दा राहिला : गळ्यातलं मोजायचं कसं आणि मोजलेलं मानायचं कुणी, हा वाद बडोद्यात भर मांडवात झाला.

आणखी एक गंमत ठेवली. ज्या भातखंड्यांनी शेकडो चिजा गोळा करून क्रमिक पुस्तकांत छापल्या, त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे शिष्यवृत्ती घेऊन बडोद्यालाच राहिले, ते फैयाज खाँंपुढे बसून शिकायला. म्हणजे वही होतीच, तरी बसावं लागलं.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

सरांकडे पेढे घेऊन गेले. खर्डा वाचून दाखवला. एका ठिकाणी थांबवलं. मी लिहिलं होतं, ‘स्वरलिपीमुळे चिजा अमर झाल्या.’ सर म्हणाले, “अमर वगैरे काही नाही हं. लखेलुं काम लागे, पण गवाय ए साचुं.” लिहिलेलं उपयोगी पडतं, पण गायलं जातं ते खरं. वाक्य काढलं. गुजराती वाक्य तसंच घालावंसं वाटत होतं, सर नको म्हणाले. “मारुं नाम नहीं.” नाव नाही आणि वाक्यही नाही.

२७ जुलै, शनिवार

ऑफिस. रात्री साडेनऊ. पोर्टल अडखळतंय. लेख: शून्य.

३० जुलै, मंगळवार

स्वरलिपी टाइप करायला बसले. ही भानगड आधी करायला हवी होती.

आपला नेहमीचा मराठी कळफलक यासाठी बनलेलाच नाही. मंद्राच्या ठिपक्यासाठी नुक्ता वापरला, उर्दू शब्दांच्या खाली देतात तो. ‘ध’खाली छान बसला. तार सप्तकाला अनुस्वार चालवतात, म्हणजे ‘ग’चं ‘गं’ होतं आणि आख्खी ओळ अगं-गं अशी लाडात आल्यासारखी दिसते. कोमलाची आडवी रेघ आणि तीव्राची उभी रेघ शोधता शोधता वेदातल्या स्वरचिन्हांपाशी पोचले. ऋचांमध्ये अक्षराखाली आडवी आणि डोक्यावर उभी रेघ असते ना, ती युनिकोडमध्ये आहे. कोमल गंधाराला अनुदात्ताचं चिन्ह लावलं आणि तो बरोबर दिसायला लागला. मजा वाटली. भूपात कोमलही नाही आणि तीव्रही नाही, त्यामुळे या शोधाचा लेखाला काडीचा उपयोग नव्हता. दीड तास गेला.

३१ जुलै, बुधवार

शेवटचं रिटर्न ९.५० ला. लेख ११.४० ला. शब्द १९८४. सोबत वहीच्या पानाचा फोटो. झोपले.

१९ ऑगस्ट, सोमवार, राखी

भाऊ ओवाळून घ्यायला पाटावर बसलेला, आणि संपादकांचा फोन.

लेख घेतायत! आवाज प्रेमळ, बोलणं भराभर. “बाई, विषय छान आहे. आजीची वही फारच छान. पण फैयाज खाँ दोनच ओळीत? आणि राजवाडा कुठाय? बडोदा म्हटलं की वाचक लक्ष्मीविलास शोधतो. सुरुवात तिथून करता येईल का? दरबार हॉल, मैफल, झुंबरं... मग वहीवर या.”

मी ‘बघते’ म्हणाले. ‘बघते’ म्हणजे आमच्या व्यवसायात ‘नाही’. ते त्यांना माहीत नसावं. मानधनाचं विचारलं. प्रथा नाही, अंकाची एक प्रत मिळेल. भाऊ म्हणाला, ओवाळणीत मी तुला एक प्रत विकत घेऊन देतो, दोन होतील.

२५ ऑगस्ट, रविवार

झुंबरांचा परिच्छेद लिहून पाहिला. चांगला झालाय, हीच अडचण. कुणाच्याही लेखात बसेल असा आहे. राजवाड्याला एकच वाक्य दिलं : ज्या संस्थानानं एवढा राजवाडा उभा केला त्यानंच पोरांना सा-रे-ग-म शिकवायला शाळा काढली, आणि राजवाडा बघायला तिकीट लागतं. फैयाज खाँंना दोनच्या चार ओळी केल्या. बाहेर पाऊस.

२९ ऑगस्ट, गुरुवार

नोंद मेणबत्तीच्या उजेडात.

सोमवारी जन्माष्टमीला दिवसभर कोसळला. मंगळवारी विश्वामित्री पात्र सोडून कारेलीबागेत आली. आमचं तळमजल्याचं घर. रात्री दोनला संडासाच्या भांड्यातून गुडगुड आवाज आला आणि मग ते थांबलंच नाही. आधी गॅस सिलिंडर, मग कणकेचा डबा, मग सासऱ्यांची औषधं वरच्या शेजाऱ्यांकडे. लेक लॅपटॉप घेऊन जिन्यात उभी. तेव्हा मला वही आठवली. टेबलाच्या खालच्या खणात.

खण फुगून बसलेला. पाणी मांडीपर्यंत. नवऱ्यानं पाना घालून उचकटला. वही एका बाजूनं भिजली होती, खालच्या.

वरच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पानं एकेक करून वेगळी केली, मध्ये टिपकागद म्हणून गुजराती वर्तमानपत्र. मागची पंधरावीस पानं गेली. शाई पसरून जांभळे ढग झालेत. मधल्या पानांवर शिंतोडे. तिथे आता कुठला ठिपका आजीचा आणि कुठला विश्वामित्रीचा ते सांगता येत नाही. भूपाचं पान पहिलं, वरचं, ते वाचलं. ठिपक्यांचे फोड अजून बोटाला लागतात, पाहिले.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. तिच्याकडे फोन लागत नाहीये हे कारण पुरेसं आहे.

१ सप्टेंबर, रविवार

चिखल. गाद्या रस्त्यावर. सगळ्या गल्लीच्या गाद्या रस्त्यावर.

४ सप्टेंबर, बुधवार

आत्याला सांगितलं. ती आधी “तुम्ही सगळे ठीक ना?” म्हणाली. मग, “बिलावल कितव्या पानावर होता?” होता तो मागेच. गेला. “असू दे. तो मला येतो.”

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसलेत, यंदा पाटावर नाही, माळ्यावरच्या ट्रंकेवर. सुधारित लेख पाठवला. शब्द २०२०. वरचे वीस सोडतील.

२२ सप्टेंबर, रविवार

मुद्रितं आली. आठ पानं, आजीच्या वहीचा फोटो नाही. (“जागेअभावी.”) मजकूर चांगला लागलाय. दोन ठिकाणी ‘मौलाबक्ष’चं ‘मौलाबक्षीस’. हसू आलं. मग भूपाची ओळ पाहिली.

सा रे ग रे | सा ध सा रे | ग प ग रे | सा – ध सा

ठिपके गायब. छापखान्याचे फाँट जुने, युनिकोड नसलेले. मजकूर त्यात बदलून घेताना नुक्ते गळाले. पहिल्यांदा वाटलं, दोन ठिपके तर आहेत. कोण बघतंय?

फोटो काढून आत्याला पाठवला. पाच मिनिटांत फोन. “अगं, हा भूप आहे का? हा देसकार व्हायला निघालाय!”

तिचं बरोबर आहे. भूप आणि देसकार, स्वर तेच पाच. फरक राहणीचा. भूप खालच्या अंगात रमतो, गंधार (‘ग’) त्याचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, संध्याकाळचा राग. देसकार वरच्या अंगात, धैवताला धरून, सकाळचा. आजीच्या ओळीत धैवत षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या खाली आहे, गाणं खाली उतरून परत षड्जावर येतं. ठिपका काढला की तोच धैवत वर उडी मारून बसतो, मग ओळ धैवताभोवती फिरायला लागते. दोन ठिपके पडले आणि संध्याकाळची सकाळ झाली.

आणि लेखात मी वर काय लिहून ठेवलंय? बडोद्यानं गाणं लिहून काढलं!

सविस्तर पत्र लिहिलं. ठिपके स्वराच्या खाली, दोन्ही ‘ध’ना. लाल गोल करून स्कॅन जोडला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दुसरं मुद्रित. ठिपके आले. वर.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे मुद्रितं तपासणारे गृहस्थ संगीत विशारद आहेत, त्यांनी स्वतः बसून लावलेत. विचार केल्यावर उलगडलं. ते पलुस्कर पद्धतीत शिकलेले असणार. पलुस्करांच्या लिपीत मंद्राचा ठिपका डोक्यावर असतो, ताराला उभी रेघ. त्यांनी मंद्र म्हणूनच लावला, त्यांच्या हिशेबानं अचूक. भातखंड्यांच्या लिपीत डोक्यावरचा ठिपका म्हणजे तार सप्तक. म्हणजे आजी आता मधल्या षड्जावरून तार धैवतावर उडी मारतेय. कुणाला जमेल ते?

राग यायला हवा होता, आला नाही. एका ठिपक्यावरून ही दोन घराणी शंभर वर्षांनंतर माझ्या मुद्रितात भांडतायत. मौलाबक्षांची तिसरीच. तिच्यातलं वाचणारं आता कुणी भेटेल की नाही कोण जाणे.

सुचवलं : ओळ टाइप करूच नका. आजीच्या पानाची तेवढी पट्टी चित्र म्हणून लावा, एका कॉलमाची. संपादक म्हणाले, “हे आधी का नाही सुचलं?” मी फोटो ३१ जुलैलाच पाठवला होता हे सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्या वाङ्मय परिषदेच्या मंडळींचे निरोपावर निरोप, पेढ्यांचे फोटो. आनंद झालाच. आज संपादकांचा फोन : अभिजातवर ऐन वेळी चार पानं घ्यायची आहेत, तुमच्या लेखातली दोन कमी करू का? १९१६ ची परिषद काढावी म्हणतात.

देवल, क्लेमंट्स आणि त्यांची पेटी गेली. भाषेसाठी गेली म्हणून समाधान मानतेय. पट्टी ठेवा एवढंच सांगितलं. ‘अर्थातच’ म्हणाले. ‘अर्थातच’ म्हणजे त्यांच्या व्यवसायात काय ते मला माहीत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

अंक काल कुरिअरनं आला. पान १४३. शीर्षक त्यांनी बदललं, ‘राजनगरीतील सुरांची वही’. असो. पट्टी आहे. जांभळी शाई काळी झालीय, पण रकान्यांच्या रेघा, फुली, शून्य, दोन्ही ठिपके खाली, जागच्या जागी.

वही आणि अंक घेऊन आत्याकडे. फराळाचं तळण चाललं होतं, ती हात पुसून बसली, भिंग काढलं. लेख वाचला नाही, आधी पट्टी. बोटानं मात्रा मोजत हळू म्हणायला लागली. तिसऱ्या खणात अडखळली.

“इथे पंचम मंद्र कसा?”

पाहिलं तर खरंच, ‘प’च्या खाली एक ठिपका. वहीचं पान उघडलं, भिंग लावलं, कागद उजेडात धरला. काही नाही. पुराचा शिंतोडाही नाही. छापखान्यातला शाईचा कण असणार. नखानं खरवडून पाहिला, निघेना.

“आईनं असं नव्हतं लिहिलं,” आत्या म्हणाली. मग अंक जरा लांब धरून तिनं ती ओळ छापल्याप्रमाणे म्हणून पाहिली. गंधारावरून एकदम खालच्या पंचमावर. अवघड उडी, पण बरोबर जाऊन बसली.

“लागतो गं. वरचा हल्ली नाही लागत,” म्हणाली, आणि चकल्या उलटायला उठली.